संयुक्त चक्राकार प्रकल्पांसाठी आयएसओ ५९००० मालिका : मोजणीत पक्की, वाटणीत कच्ची

चक्राकार अर्थव्यवस्थेचा, म्हणजे वस्तू आणि माल फेकून न देता पुन्हा पुन्हा वापरात ठेवण्याचा, प्रकल्प एकट्या संस्थेला सहसा पेलत नाही. एकाचा उरलेला माल दुसऱ्याचा कच्चा माल व्हायचा असेल, किंवा एकच वेष्टन चार हातांतून फिरून पुन्हा पहिल्या हातात यायचे असेल, तर उत्पादक, वाहतूकदार, धुलाई किंवा दुरुस्ती करणारा आणि विक्रेता या सर्वांना एकत्र बसावे लागते. आणि एकत्र बसले की प्रत्येक जण आपला हिशेब आणि आपली धास्ती बरोबर घेऊन येतो. अशा प्रकल्पाचे व्यवस्थापन कसे करावे हे सांगणारी सॉफ्टवेअरे, प्रशिक्षणवर्ग आणि सल्लागारांचे तयार तक्ते भरपूर आहेत. त्या गर्दीत सर्वाधिक गांभीर्याने घ्यावा असा संच म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची, म्हणजेच आयएसओची, ५९००० मालिका. पुन्हा पुन्हा वापरल्या जाणाऱ्या प्लास्टिक क्रेटच्या एका संयुक्त प्रकल्पाचे समन्वयन करताना या मालिकेतील तीन मुख्य दस्तऐवज मला सतत हाताशी ठेवावे लागले. त्या वापरावर हे परीक्षण आधारलेले आहे. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो : काय मोजायचे आणि कोणत्या सीमेच्या आत मोजायचे, हे ही मालिका उत्तम शिकवते, मोजून झाल्यावर निघालेला फायदा आणि तोटा भागीदारांत कसा वाटायचा, या प्रश्नाशी मात्र ती येऊन थांबते. संयुक्त प्रकल्प मोडतात ते बहुधा या दुसऱ्या प्रश्नावर.

मालिकेची ओळख थोडक्यात करून देतो. चक्राकार अर्थव्यवस्थेसाठी आयएसओने २०१८ मध्ये ३२३ क्रमांकाची तांत्रिक समिती नेमली. तिचे सचिवालय फ्रान्सच्या अफ्नॉर या मानकसंस्थेकडे आहे. समितीचे पहिले तीन मुख्य दस्तऐवज मे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ५९००४ मध्ये परिभाषा, तत्त्वे आणि अंमलबजावणीचे मार्गदर्शन आहे. ५९०१० मध्ये व्यवसायाची रचना आणि मूल्यजाळे, म्हणजे मूल्य निर्माण करण्यात हात असलेल्या संस्थांचे जाळे, घ्या-वापरा-फेका अशा रेषीय पद्धतीकडून चक्राकार पद्धतीकडे कसे न्यावे याचे मार्गदर्शन आहे. आणि ५९०२० मध्ये चक्राकारतेची मोजणी व मूल्यमापन आहे. त्याआधी ब्रिटिश मानकसंस्थेचे बीएस ८००१ हे २०१७ चे मानक या क्षेत्रात वाट दाखवत होते. ते ज्यांनी वाचले आहे त्यांना नव्या मालिकेतील बरेच विचार ओळखीचे वाटतील. प्रत्येक दस्तऐवज स्वतंत्रपणे विकत घ्यावा लागतो, परंतु संज्ञा आणि व्याख्यांचा भाग आयएसओच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो. खरेदीचा निर्णय घेण्यापूर्वी तेवढा भाग सर्व भागीदारांनी वाचावा, कारण सुरुवातीच्या बैठकांतील निम्मे वाद तिथेच मिटतात.

एक गोष्ट विक्रेते आणि सल्लागार पुरेशा स्पष्टपणे सांगत नाहीत. ५९००४ आणि ५९०१० ही मार्गदर्शक मानके आहेत. गुणवत्ता व्यवस्थापनाच्या ९००१ किंवा पर्यावरण व्यवस्थापनाच्या १४००१ या मानकांप्रमाणे त्यांच्या आधारे लेखापरीक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेल, अशी त्यांची रचना नाही. ‘आम्ही ५९००४ प्रमाणित आहोत’ असा दावा एखाद्या संभाव्य भागीदाराने केला, तर त्याला नेमके कशाचे प्रमाणपत्र मिळाले आहे, हे शांतपणे विचारून घ्यावे.

५९००४ विषयी फार लिहिण्यासारखे नाही. त्यात सहा तत्त्वे सांगितली आहेत : प्रणालीचा साकल्याने विचार, मूल्याची निर्मिती, मूल्याची वाटणी, संसाधनांची जबाबदारीने राखण, संसाधनांचा माग आणि परिसंस्थेची तग धरण्याची क्षमता. सहापैकी एकाही तत्त्वाला कोणी हरकत घेणार नाही, आणि तीच त्यांची मर्यादा आहे. मूल्याची वाटणी हे स्वतंत्र तत्त्व म्हणून मांडले आहे याचे मला विशेष समाधान वाटले होते, परंतु पुढे वाचत गेल्यावर लक्षात येते की त्या तत्त्वाला मार्गदर्शनाचे हवे तेवढे पाठबळ मिळालेले नाही. असे असले तरी, वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या संस्थांना एका पातळीवर आणण्यासाठी हा दस्तऐवज उपयोगी पडतो. पुनर्वापर, दुरुस्ती, नूतनीकरण, पुनर्निर्मिती आणि पुनर्चक्रीकरण यांतील फरक सर्वांना सारखा समजला, तर करारनाम्यात पळवाटा राहत नाहीत.

५९०१० हा दस्तऐवज वाचायला जड आहे, पण वापरायला चांगला. आधी उद्दिष्ट आणि व्याप्ती ठरवा, मग मूल्य कसे निर्माण होणार ते मांडा, त्यानुसार व्यवसायाची रचना बदला आणि मग या रचनेसाठी कोण कोण लागेल ते जाळे उभे करा, असा त्याचा साधारण क्रम आहे. हा क्रम सरळ वाटतो, परंतु प्रत्यक्षात बहुतेक संयुक्त प्रकल्प उलट दिशेने सुरू होतात : ओळखीच्या चार संस्था एकत्र येतात, सामंजस्य करारावर सह्या होतात, छायाचित्रे निघतात, आणि मग आपण नेमके काय करणार आहोत याची चर्चा सुरू होते. ५९०१० प्रमाणे कामाला लागले की आधी कळस मग पाया हा प्रकार टळतो. आमच्या प्रकल्पात मूल्यजाळ्याचा नकाशा काढताना ध्यानात आले, की क्रेटच्या फेऱ्यांत सर्वाधिक वेळ क्रेट ज्याच्या गोदामात पडून राहते, तो मधला वितरक आमच्या बैठकांना बोलावलेलाच नव्हता. तो क्रेट विकत घेत नव्हता, धूत नव्हता, त्याच्याशी कोणाचा करारही नव्हता, म्हणून पुरवठासाखळीच्या नेहमीच्या तक्त्यात तो कुठे दिसत नव्हता. मालाऐवजी क्रेटचा प्रवास रेखाटल्यावर तो ठळकपणे समोर आला. नकाशा काढण्याचा हा एक टप्पा मनापासून पार पाडला, तरी दस्तऐवजाची किंमत वसूल होते.

मात्र ५९०१० भागीदार ओळखून देते, भागीदारी चालवून देत नाही. निर्णय कोणी घ्यायचे, मतभेद झाल्यास कोणाचा शब्द अंतिम, समन्वयकाचा पगार कोणी द्यायचा, एखाद्याने ठरलेली माहिती वेळेवर दिली नाही तर काय करायचे, या रोजच्या प्रश्नांवर त्यात सूचक वाक्ये सापडतात, पण कामाचा नमुना मिळत नाही. उदाहरणे एखाद्या संस्थेने आपली रचना कशी बदलावी या अंगाने अधिक येतात; समान वजनाच्या पाच-सहा संस्थांनी मिळून काही चालवायचे असेल, तर वाचकाला आपल्यापुरता अनुवाद स्वतःच करावा लागतो.

आता ५९०२० कडे वळतो. माझ्या मते मालिकेचा खरा मोल असलेला भाग हाच आहे, म्हणून त्याच्यावर जरा सविस्तर लिहितो. या मानकात चक्राकारता मोजण्याच्या चार पातळ्या सांगितल्या आहेत : प्रादेशिक, आंतरसंस्थात्मक, संस्थात्मक आणि उत्पादनाची. संयुक्त प्रकल्पासाठी त्यांतील दुसरी पातळी लाखमोलाची आहे. आधी सीमा ठरवायची, मग माहिती गोळा करून मोजणी करायची, आणि शेवटी मूल्यमापन करून अहवाल द्यायचा, असे कामाचे टप्पे आहेत. निर्देशकांचे गट संसाधनांची आवक, संसाधनांची जावक, ऊर्जा, पाणी आणि आर्थिक बाजू असे पाडले आहेत. आवकेत पुनर्वापरातून आलेला, पुनर्चक्रीकरणातून आलेला आणि नवीकरणीय असा वाटा मोजतात. जावकेत प्रत्यक्ष पुनर्वापर झालेला आणि प्रत्यक्ष पुनर्चक्रीकरण झालेला वाटा मोजतात. इथे ‘प्रत्यक्ष’ या शब्दावर दिलेला भर मला महत्त्वाचा वाटतो. ‘हे वेष्टन शंभर टक्के पुनर्चक्रीकरणयोग्य आहे’ असे वाक्य छापणे सोपे असते. त्यातले किती खरोखर परत आले, हा आकडा देताना अनेकांची जीभ अडखळते.

सीमेचा मुद्दा प्रत्यक्ष उदाहरणाने स्पष्ट होतो. आमच्या प्रकल्पात सुरुवातीला प्रत्येक भागीदार आपला स्वतंत्र अहवाल पाठवत असे. धुलाई केंद्र म्हणे, आमच्याकडून बाहेर पडलेली प्रत्येक क्रेट पुनर्वापराला गेली. उत्पादक म्हणे, आमच्याकडे आलेली बहुतेक प्रत्येक क्रेट पुनर्वापरातून आली. विक्रेताही तेच म्हणे. तीनही अहवाल खरे होते आणि त्यांची बेरीज खोटी होती, कारण तीच क्रेट तीन वेळा मोजली जात होती. ५९०२० मधील आंतरसंस्थात्मक पातळी घेऊन सर्व भागीदारांभोवती एकच सीमा आखली, तेव्हा आतल्या सगळ्या देवाणघेवाणी हिशेबातून गळून पडल्या आणि दोनच आकडे उरले : या वर्तुळात नव्याने विकत घेतलेल्या क्रेट किती आल्या, आणि वर्तुळातून हरवलेल्या किंवा मोडलेल्या किती गेल्या. तीन चकचकीत अहवालांनी जे झाकले होते ते या दोन आकड्यांनी उघडे पाडले. बैठकीत थोडा वेळ कोणी काही बोलले नाही, हेही नमूद करायला हवे.

या दोन आकड्यांवरून पुढचे गणित मांडता येते, आणि ते प्रत्येक समन्वयकाने एकदा स्वतः करून पाहावे. दर फेरीत पाठवलेल्या १०० क्रेटपैकी ९२ परत येत असतील, तर दर फेरीचा तोटा ८ टक्के, म्हणजे एका क्रेटच्या वाट्याला सरासरी साडेबारा फेऱ्या येतात. परतीचे प्रमाण ९६ वर गेले, की तोटा अर्धा होतो आणि फेऱ्या दुप्पट, म्हणजे २५ होतात. क्रेटचे वजन २ किलो धरले, तर पहिल्या स्थितीत दर फेरीला १६० ग्रॅम प्लास्टिक खर्ची पडते आणि दुसऱ्या स्थितीत ८० ग्रॅम. परतीचे प्रमाण आणखी वाढवून ९८ केले, तर फेऱ्या ५० होतात आणि खर्ची पडणारे प्लास्टिक ४० ग्रॅमवर येते. म्हणजे पहिल्या चार टक्क्यांच्या सुधारणेने ८० ग्रॅम वाचतात आणि पुढच्या दोन टक्क्यांनी ४०. टक्क्यामागची बचत दोन्हीकडे सारखीच, पण पुढचा प्रत्येक टक्का मिळवणे अधिक खर्चिक असते. पैसा आणि मनुष्यबळ कुठे लावायचे, याचा निर्णय या साध्या तक्त्यावरून घेता येतो. त्यासाठी महागड्या सॉफ्टवेअरची गरज नाही.

आता याच उदाहरणात मानकाची एक मेख दिसते. समजा, एक गट निम्मे पुनर्चक्रित प्लास्टिक असलेल्या क्रेट वापरतो आणि त्याचे परतीचे प्रमाण ९२ टक्के आहे. दुसरा गट पूर्ण नव्या प्लास्टिकच्या क्रेट वापरतो आणि त्याचे प्रमाण ९६ टक्के आहे. दोन्ही गटांत दर फेरीला लागणारे नवे प्लास्टिक सारखेच, ८० ग्रॅम आहे. परंतु पहिल्या गटातून दर फेरीला १६० ग्रॅम प्लास्टिक बाहेर गळते, तर दुसऱ्यातून ८० ग्रॅमच. नव्या क्रेटच्या खरेदीतील पुनर्चक्रित वाटा पाहिला, तर पहिला गट ५० टक्के आणि दुसरा शून्य. घाईत वाचणारा अधिकारी पहिल्या गटाला शाबासकी देईल. मानक याबाबत अगदीच बेसावध नाही, हे न्याय म्हणून सांगितले पाहिजे : वस्तूचे सरासरी आयुष्य त्या उद्योगाच्या सरासरीशी ताडून पाहण्याचा निर्देशक त्यात आहे, आणि तो लावला की दुसऱ्या गटाचे श्रेय त्याला मिळते. अडचण अशी, की उद्योगाची सरासरी कोणाकडेच तयार नसते. ज्यांच्याकडे असते ते स्पर्धक असतात आणि ती देत नाहीत. त्यामुळे हा निर्देशक बहुतेकदा ‘माहिती उपलब्ध नाही’ या शेऱ्याखाली रिकामा राहतो आणि खरेदीच्या पावत्यांवरून सहज भरता येणारा पुनर्चक्रित वाट्याचा रकाना अहवालभर मिरवतो. मी स्वतः आता दर फेरीमागे खर्ची पडलेले वजन हा आकडा अहवालाच्या पहिल्या ओळीत टाकतो आणि मानकातील निर्देशक त्याच्या खाली.

माहितीच्या देवाणघेवाणीबाबत मालिका सावध आहे, पण त्रोटक. संसाधनांचा माग ठेवा, असे तत्त्व सांगते. कसा ठेवायचा, हे पाहण्यासाठी इतर दस्तऐवजांकडे जावे लागते. त्यातले दोन मला उपयोगी वाटले. पहिला, आयएसओ २२०९५ हे २०२० चे मानक, ज्यात मालाच्या ताब्याची साखळी राखण्याचे वेगवेगळे नमुने स्पष्ट केले आहेत : माल शेवटपर्यंत वेगळा ठेवणे, ठरावीक प्रमाणात मिसळणे, वस्तुमानाचा ताळेबंद ठेवणे किंवा फक्त कागदोपत्री श्रेयाची नोंद करणे. आपण यांतले नेमके काय करत आहोत, हे भागीदारांनी पहिल्या महिन्यातच लेखी ठरवले नाही, तर पुढे जाहिरातीत दावा करताना कोणीतरी तोंडघशी पडते. दुसरा, याच मालिकेतला ५९०४० हा २०२५ चा दस्तऐवज, उत्पादनाच्या चक्राकारतेचे माहितीपत्रक कसे असावे ते सांगणारा. या कल्पनेची सुरुवात लक्झेंबर्गमधून झाली. तिची खुबी अशी, की पुरवठादाराने ठरावीक विधानांना खरे किंवा खोटे एवढेच उत्तर द्यायचे. त्यामुळे मिश्रणाची गुप्त कृती उघड न करता ‘यात अमुक प्रमाणापेक्षा जास्त पुनर्चक्रित माल आहे’ अशा प्रकारची माहिती पुढे जाऊ शकते. संयुक्त प्रकल्पात माहिती अडते ती तंत्रज्ञान कमी पडल्यामुळे क्वचितच. ती अडते कारण देणाऱ्याला आपली अंडीपिल्ली बाहेर पडण्याची भीती असते. या भीतीवर हा उपाय साधा आणि सुज्ञ आहे.

या संदर्भात एक इशारा देणे आवश्यक आहे, कारण मालिका तो पुरेशा जोराने देत नाही. एकाच क्षेत्रातील स्पर्धक जेव्हा किती माल विकला, कोणत्या भावाने वाहतूक घेतली, पुढच्या तिमाहीत किती मागणी आहे, असे आकडे एकमेकांना दाखवू लागतात, तेव्हा हेतू कितीही चांगला असला तरी स्पर्धा कायद्याचा प्रश्न उभा राहतो. आकडे त्रयस्थ व्यक्तीकडे जमा करावेत आणि भागीदारांना फक्त एकत्रित बेरीज दिसावी, अशी व्यवस्था पहिल्या दिवसापासून हवी. त्याचप्रमाणे एका संस्थेच्या फाटकातून बाहेर पडणारा उरलेला माल कायद्याच्या नजरेत कचरा आहे की उपउत्पादन, याचा निकाल मानक देऊ शकत नाही. युरोपीय संघाच्या २००८ च्या कचराविषयक निर्देशात उपउत्पादन कशाला म्हणावे आणि कचरा हा कचरा राहणे केव्हा थांबते, यासाठी दोन स्वतंत्र कलमे आहेत; ज्या देशात काम करायचे तिथला नियम पाहिल्याशिवाय मालाची गाडी हलवू नये. परवान्याअभावी गाडे अडले, तर मानकाची प्रत दाखवून ते सुटत नाही.

आता वाटणीचा प्रश्न, ज्याच्यामुळे या परीक्षणाच्या शीर्षकात ‘कच्ची’ हा शब्द आला. क्रेटच्या प्रकल्पात भांडवल उत्पादकाचे अडकते, रिकाम्या क्रेट परत आणण्याचा भार वाहतूकदारावर पडतो, धुलाई केंद्राला काम मिळते आणि कचरा उचलण्याचा खर्च वाचतो तो विक्रेत्याचा. एकूण गोळाबेरीज फायद्याची असूनही एखाद्या भागीदाराच्या पदराला खार लागतो, आणि तोच काही महिन्यांनी ‘वरिष्ठांची मंजुरी आली नाही’ असे सांगून काढता पाय घेतो. ५९००४ आणि ५९०१० दोन्ही म्हणतात की मूल्याची वाटणी न्याय्य असावी. न्याय्य म्हणजे काय, हे ठरवण्याचे एकही गणित देत नाहीत. असे गणित अस्तित्वात नाही असेही नाही. गणितज्ञ लॉइड शॅप्ली यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत भागीदार वेगवेगळ्या क्रमाने गटात आले तर प्रत्येकाच्या येण्याने एकूण लाभात किती भर पडते, याची सर्व क्रमांवरची सरासरी काढून तो त्याचा वाटा धरतात. शॅप्ली यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. चार भागीदारांचे क्रम २४ होतात, ते हाताने मांडता येतात. दहा भागीदारांचे ३६,२८,८०० होतात, ते संगणकाकडे सोपवावे लागतात. क्रमांपेक्षा अवघड असते ते ‘हे दोघेच असते तर किती लाभ झाला असता’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर मिळवणे. पण ते उत्तर शोधण्याच्या निमित्ताने कोणाचे योगदान खरोखर निर्णायक आहे, हे सर्वांसमोर येते. मानकाच्या परिशिष्टात अशा एखाद्या पद्धतीचा सोडवलेला नमुना दिला असता, तर भागीदारीच्या कितीतरी बैठका वाचल्या असत्या.

अनामत रकमेची गोष्टही याच वर्गात मोडते. क्रेटवरची अनामत तिच्या बाहेरच्या उपयोगापेक्षा कमी असेल, तर क्रेट वर्तुळाबाहेर पाझरते. फार जास्त ठेवली, तर लहान भागीदाराचे खेळते भांडवल गोठते आणि तो वर्तुळात येतच नाही. ही रक्कम कशी ठरवावी, तिचा व्याजाचा भार कोणी सोसावा, मोडकी क्रेट परत आली तर अनामत पूर्ण द्यायची की कापून, यावर मालिका मौन पाळते. नियम मोडणाऱ्याशी कसे वागावे, यावरही तेच. सामाईक संसाधनांच्या अभ्यासासाठी २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी टिकून राहिलेल्या सामूहिक व्यवस्थांची जी लक्षणे नोंदवली, त्यांत पहिल्या चुकीला सौम्य आणि पुढे वाढत जाणारी शिक्षा, तंटा सोडवण्याची स्वस्त आणि जवळची सोय, आणि देखरेख करणारा वापरकर्त्यांनाच उत्तरदायी असणे, ही आहेत. क्रेटचे वर्तुळ हेही एक सामाईक संसाधनच आहे, आणि ही तीन कलमे करारनाम्यात घातली, तर मालिकेची मोठी उणीव भरून निघते.

भागीदारी चालवण्याच्या अंगाने मला खरा आधार मिळाला तो ५९००० मालिकेबाहेर. आयएसओ ४४००१ हे सहकार्याच्या व्यावसायिक संबंधांचे २०१७ चे मानक आहे. त्याच्या आधारे प्रमाणपत्रही घेता येते. संबंधांची जाणीव, माहिती, अंतर्गत मूल्यमापन, भागीदाराची निवड, एकत्र काम, मूल्यनिर्मिती, एकत्र टिकणे आणि बाहेर पडणे, अशा आठ टप्प्यांत ते संबंधाचे आयुष्य मांडते. त्यातला आठवा टप्पा वाचून मी हे मानक जवळ ठेवले. बाहेर पडण्याची योजना ती वेळ आली की करायची नसून आधीपासून लिहून ठेवायची आणि वेळोवेळी तपासायची, असा त्याचा आग्रह आहे. सुरुवातीच्या उत्साहात हा विषय काढणे अनेकांना अपशकुन वाटतो. पण एखादा भागीदार गेला, तर त्याच्या गोदामातल्या क्रेट कोणाच्या, जमा केलेली माहिती कोणाची, एकत्र विकत घेतलेल्या धुलाईयंत्राचे काय, हे प्रश्न तेव्हा सामंजस्याने सुटतात जेव्हा कोणीच जायला निघालेले नसते.

चक्राकार प्रकल्पात बाहेर पडण्याची योजना इतरांपेक्षा अधिक गरजेची असते, कारण इथे एकाचे उत्पादन थांबले की दुसऱ्याचा कच्चा मालच आटतो. डेन्मार्कमधील कालुंदबोर्ग हे उद्योगांच्या परस्परावलंबनाचे सर्वांत ओळखीचे उदाहरण. तिथली सुरुवात १९६१ मध्ये तिसो तलावाचे पाणी तेलशुद्धीकरण कारखान्यापर्यंत नेण्याच्या जलवाहिनीने झाली, १९७२ मध्ये त्या कारखान्याचा वायू जिप्समचे फलक बनवणाऱ्या कारखान्याला मिळू लागला, आणि १९९३ पासून शेजारच्या वीज केंद्राच्या धूरशुद्धीकरणातून निघालेले जिप्समही त्याच कारखान्याकडे जाऊ लागले. पुढे ते वीज केंद्र कोळसा सोडून लाकडाच्या तुकड्यांकडे वळले. कोळसा जळणे थांबले, की त्यापासून मिळणारे जिप्समही थांबणार. पर्यावरणाच्या दृष्टीने हे पाऊल योग्यच, पण ज्याचा कच्चा माल त्यावर अवलंबून होता त्याने दुसरी सोय पाहिलेली असायला हवी. तिथले व्यवहार मुख्यतः दोन-दोन संस्थांमधील स्वतंत्र करारांवर उभे राहिले आणि प्रत्येक करार आपापल्या हिशेबात परवडणारा होता, त्यामुळे एक धागा तुटला तरी सगळे जाळे उसवले नाही. ५९०१० मध्ये जाळ्याच्या रचनेविषयी एवढे लिहिले आहे, तर एकच मोठा करार करावा की अनेक छोटे, याची साधकबाधक चर्चा त्यात असायला हवी होती. माझा स्वतःचा कल छोट्या करारांकडे आहे. मात्र माहितीची देवाणघेवाण आणि मोजणीची सीमा यांपुरता एक सामाईक करार त्यांच्यावर हवाच.

भाषेबद्दल दोन शब्द. तीनही दस्तऐवज समितीने लिहिल्यासारखे वाचतात, कारण ते समितीनेच लिहिले आहेत. एकेका वाक्यात इतक्या शक्यता आणि अपवाद गुंफलेले असतात, की लहान संस्थेचा व्यवस्थापक दुसऱ्या पानावर ते बाजूला ठेवील. संपूर्ण दस्तऐवज सर्वांना वाचायला लावण्याचा आग्रह समन्वयकाने धरू नये. ५९०१० मधील नकाशाचा टप्पा आणि ५९०२० मधील सीमा व निर्देशकांचा भाग यांचे दोन-तीन पानी टिपण आपल्या प्रकल्पाच्या उदाहरणांसह तयार करावे. बैठकीत तेच चालते.

खरेदीचा सल्ला विचाराल, तर दोन किंवा तीनच भागीदार असलेल्या आणि एकाच वस्तूभोवती फिरणाऱ्या प्रकल्पाने फक्त ५९०२० घ्यावे आणि ५९००४ च्या विनामूल्य व्याख्यांवर भागवावे. भागीदार अजून ठरायचे असतील, तर ५९०१० आधी घ्यावे, नंतर घेऊन उपयोग नाही. चारपेक्षा अधिक संस्था, सामाईक मालमत्ता आणि काही वर्षांची बांधिलकी असेल, तर ४४००१ ला पर्याय नाही, मग बाकीची मानके असोत वा नसोत. आयएसओची मानके साधारणपणे पाच वर्षांनी फेरतपासणीला येतात. त्या हिशेबाने या तीन दस्तऐवजांची पाळी २०२९ च्या सुमारास येईल. तेव्हा ५९०१० ला लाभाच्या वाटणीचे एक सोडवलेले परिशिष्ट जोडावे आणि ५९०२० मध्ये दर वापरामागे खर्ची पडणाऱ्या वजनाला मुख्य निर्देशकांत स्थान द्यावे, अशा दोन सूचना मी राष्ट्रीय मानकसंस्थेमार्फत पाठवण्याच्या तयारीत आहे.